परसातील मुके हक्कदार

घरामागचे परस कोणाचे, असे कोणी विचारले तर आपण जागेचा उतारा किंवा घरपट्टीची पावती पुढे करू. कायद्याच्या दृष्टीने ते उत्तर पूर्ण आहे. परंतु त्याच परसात फज्रच्या अजानपूर्वी दयाळ गाऊ लागतो, जास्वंदीच्या कुंपणात बुलबुल घरटे बांधतो, चिकूच्या फांद्यांवरून खार धावते आणि दगडी गडग्याच्या फटीतून धामण उंदराच्या मागावर निघते. यांपैकी कोणाचेही नाव कोणत्याही उताऱ्यावर नाही. मग त्यांचा त्या जागेशी संबंध कोणता? ते आपल्या मालमत्तेत शिरलेले चोर आहेत, आपण दयेपोटी राहू दिलेले आश्रित आहेत, की त्यांचाही तेथे काही हक्क आहे? मला स्वतःला हा प्रश्न कित्येक वर्षे पडला नव्हता. ज्या प्रसंगाने तो पडला तो आधी सांगतो, कारण मिंबरवरून इतरांना हिशेबाची आठवण देणाऱ्याने स्वतःचा हिशेब झाकून ठेवू नये.

ईदची सकाळ

आमचे घर मशिदीला लागून आहे. परसात एक चिकू, दोन पेरू, केळीचे बन आणि जास्वंदीचे कुंपण एवढाच पसारा. एका रमजानात चिकू भरपूर लागला होता. इफ्तारीला घरचे फळ असावे अशी इच्छा होती, पण पक्षी आणि खारी रोज चार-दोन फळे टोकरून टाकीत. शेवटी मी बाजारातून बारीक नायलॉनची जाळी आणली आणि झाडावर टाकली. घाई होती, त्यामुळे ती नीट ताणून बांधलीही नाही. एका बाजूने ती तशीच सैल लोंबत राहिली.

पुढे शेवटचा अशरा आला आणि मी एतिकाफसाठी मशिदीत बसलो. त्याच दिवसांत सासूबाईंची प्रकृती बिघडली म्हणून पत्नी मुलीला घेऊन माहेरी गेली. घर बंद राहिले. चाँदरात्रीला आम्ही सारे परतलो, तेव्हा अंधार पडला होता आणि उद्याच्या तयारीची धावपळ होती. सकाळी ईदची नमाज आटोपून मी घरी आलो, तोच परसातून मुलीची हाक ऐकू आली. जाळीच्या लोंबत्या भागात एक बुलबुल उलटा लटकत होता. एक पाय आणि एक पंख धाग्यात गुरफटलेला. सुटण्यासाठी त्याने जितकी धडपड केली असेल तितका तो धागा आवळत गेला होता. मरून बरेच दिवस झाले असावेत, कारण शरीर वाळून हलके झाले होते. मी कात्रीने धागे कापू लागलो. नवे कपडे घातलेली माझी सात वर्षांची मुलगी शेजारी उभी होती. तिने विचारले, “अब्बा, याला कुणी पाणी नाही दिलं?”

हा प्रश्न तिला कोठून सुचला हे मला ठाऊक होते. काही दिवसांपूर्वीच मी तिला मांजर बांधून ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस गोष्टीसारखी सांगितली होती. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. एका स्त्रीने मांजरीला कोंडून ठेवले. तिला खाऊ-पिऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-जीव खाऊन तिने पोट भरावे म्हणून तिला मोकळेही सोडले नाही. मांजर मेली आणि ती स्त्री नरकाग्नीस पात्र ठरली. ही हदीस मी जुम्याच्या खुतब्यातही अनेकदा सांगितली आहे. सांगताना माझ्या डोळ्यांपुढे नेहमी कोणी तरी दुष्ट, दगडाच्या काळजाची बाई असे. त्या सकाळी तिच्या जागी मी स्वतःला पाहिले.

एतिकाफच्या दहा दिवसांत मी सूरह अन-नूरही पढलो होतो. पंख पसरून उडणारे पक्षी अल्लाहची तस्बीह करतात आणि प्रत्येकाला आपली प्रार्थना ठाऊक आहे, असा तिच्या ४१व्या आयतीचा आशय आहे. ती पढत असता तीस पावलांवर त्या तस्बीह करणाऱ्यांपैकी एकाचे पंख माझ्या जाळीने बांधलेले होते.

हेतू नव्हता, म्हणून काय?

मशिदीतील एका वडीलधाऱ्या नमाजींना मी हे सांगितले. ते प्रेमाने म्हणाले, “इमामसाहेब, मनाला लावून घेऊ नका. अमल नियतीवर अवलंबून असतात. तुम्ही काही मारण्यासाठी जाळी लावली नव्हती.” त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. सूरह अल-अहजाबच्या ५व्या आयतीतही चुकून घडलेल्या गोष्टीबद्दल दोष नाही, अंतःकरणाने ठरवून केलेल्या गोष्टीबद्दल आहे, असा दिलासा दिलेला आहे.

तरीही, वाचकहो, येथे जरा थांबून विचार करावयास हवा. हेतू नव्हता एवढ्याने पाप हलके होते, पण उत्तरदायित्व नाहीसे होते काय? सूरह अन-निसाच्या ९२व्या आयतीत चुकून झालेल्या मनुष्यवधासाठीही रक्तमोबदला आणि प्रायश्चित्त सांगितले आहे. हेतू नसतानाही काही देणे लागते. आपल्या फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, रस्त्यात खड्डा खणून ठेवणाऱ्याला त्यात पडणाऱ्याच्या हानीबद्दल जबाबदार धरले, मग तो त्या वेळी घरी झोपलेला का असेना. खड्डा त्याने खणला आणि उघडा सोडला, एवढे पुरेसे मानले. बुलबुलासाठी रक्तमोबदला नाही हे खरे. पण जाळी टाकून विसरून जाणारा मनुष्य आणि खड्डा खणून विसरून जाणारा मनुष्य यांच्यातील साम्य माझ्या मनातून जाईना.

शिवाय त्या स्त्रीच्या मनात मांजरीला ठार मारण्याचा हेतू होता, असे हदीसमध्ये कोठेही आलेले नाही. तिच्या दोन गोष्टी तेवढ्या सांगितल्या आहेत. तिने मांजरीला खाऊ घातले नाही आणि तिला सोडलेही नाही. कदाचित ती देखील विसरली असेल. क्रौर्य नेहमी रागातूनच येते असे नाही. पुष्कळदा ते गफलतीतून येते.

सूरह अन-नम्लमध्ये मुंगीची हकीकत आहे. हजरत सुलैमान (अ.) यांचे सैन्य मुंग्यांच्या खोऱ्यात येते, तेव्हा एक मुंगी इतरांना बिळात शिरण्यास सांगते. सुलैमान आणि त्यांचे सैन्य आपल्याला नकळत चिरडून टाकतील, अशी तिला भीती वाटते. भाष्यकारांनी या ‘नकळत’ शब्दाकडे लक्ष वेधले आहे. मुंगीने प्रेषिताविषयी सद्भाव राखला आणि ते जाणूनबुजून असे करणार नाहीत, हे आधीच मान्य केले. परंतु हजरत सुलैमान (अ.) यांनी तिचे बोलणे ऐकले. ऐकताच त्यांनी स्मित केले आणि अल्लाहपाशी कृतज्ञता व सत्कृत्याची क्षमता मागितली. ज्याने ऐकले त्याच्यासाठी ‘नकळत’ ही सवलत संपली. माझ्यासाठी ती ईदच्या सकाळी संपली. हा लेख वाचल्यावर आपल्यासाठीही ती संपते.

याचक आणि वंचित

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परसातील जीवांचा आपल्यावर हक्क आहे काय आणि असल्यास कोणता?

सूरह अल-अनआमच्या ३८व्या आयतीत जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी यांना आपल्यासारख्याच ‘उमम’ म्हटले आहे. ‘उमम’ हे ‘उम्मत’ या शब्दाचे अनेकवचन. जो शब्द आपण स्वतःविषयी इतक्या जिव्हाळ्याने वापरतो, तोच तेथे चिमणी आणि खारीसाठी आला आहे. सूरह अर-रहमानमध्येही अल्लाहने धरती सजीवांसाठी अंथरल्याचा उल्लेख आहे. ती केवळ माणसासाठी अंथरली, असे तेथे म्हटलेले नाही.

सूरह अज-जारियात आणि सूरह अल-मआरिज यांत श्रद्धावंतांच्या संपत्तीमध्ये याचकाचा आणि वंचिताचा हक्क असतो, असे सांगितले आहे. हे दान नव्हे, हक्क आहे. याचक म्हणजे मागणारा, हे स्पष्ट आहे. वंचित म्हणजे कोण, याविषयी भाष्यकारांची अनेक मते आहेत. इब्न कसीर यांच्या तफसीरमध्ये हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांचा एक प्रसंग नोंदलेला आहे. मक्केच्या वाटेवर एक कुत्रा जवळ आला, तेव्हा त्यांनी बकऱ्याच्या खांद्याचे मांस तोडून त्याच्यापुढे टाकले आणि हाच तो वंचित असे लोक म्हणतात, असे सांगितले. माणूस आपली गरज बोलून दाखवू शकतो. मुक्या जीवाला ते शक्य नाही, म्हणून तो सर्वांत आधी वंचित.

हजरत अनस (र.) यांनी सांगितलेली हदीस आपल्या परिचयाची आहे. मुसलमानाने झाड लावले किंवा पेरणी केली आणि त्यातून पक्ष्याने, माणसाने किंवा जनावराने काही खाल्ले, तर ते त्याच्यासाठी सदका ठरते. हजरत जाबिर (र.) यांच्या कथनात तर त्या झाडाचे चोरीला गेलेले फळही सदका असल्याचे आले आहे. म्हणजे ज्या चार चिकूंसाठी मी जाळी आणली, ते माझ्या खात्यावर आधीच जमा होत होते.

यावर कोणी विचारील की, मग फळ राखणे हराम आहे काय? नाही. आपल्या श्रमाचे फळ राखणे रास्त आहे. प्रश्न राखण्याच्या वृत्तीचा आहे. सूरह अल-कलममध्ये बागवाल्यांची हकीकत आली आहे. एकही गरीब आत शिरू नये म्हणून ते भल्या पहाटे, आपसांत कुजबुजत, फळे तोडण्यास निघाले आणि पोहोचून पाहतात तो बाग रातोरात उजाड झालेली. फळे तोडणे हा त्यांचा अपराध नव्हता. कोणालाही काहीही मिळू नये असे ठरविणे, हा होता.

तर हक्काचे स्वरूप काय? मांजरीच्या हदीसकडे पुन्हा पाहा. तिच्यात दोन मार्ग सुचविलेले आहेत. खाऊ घाला किंवा मोकळे सोडा. ज्याला आपण बांधले, कोंडले, पाळले, त्याला खाऊ घालणे आपल्यावर बंधनकारक आहे. इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (मृत्यू हि. ६६०) यांनी जनावरांचे माणसावरील हक्क सांगताना म्हातारे, आजारी, निरुपयोगी झालेले जनावरही पोसावे लागते, असे स्पष्ट केले आहे. जे रानातले, मोकळे आहेत त्यांचे अन्नदाते मात्र आपण नाही. प्रत्येक जीवाच्या उपजीविकेची जबाबदारी अल्लाहने स्वतःवर घेतल्याचे सूरह हूदच्या ६व्या आयतीत आले आहे. त्यांचा आपल्यावरील हक्क इतकाच की, त्यांच्या आणि त्यांच्या रिज्कच्या मध्ये आपण उभे राहू नये. जाळी, पिंजरा, विष, चिकट सापळा ही सारी मधे उभे राहण्याचीच साधने आहेत. त्यांत सापडलेल्या जीवाला खाऊही मिळत नाही आणि तो मोकळाही नसतो.

उपद्रवाची मर्यादा

कोकणात राहणारा मनुष्य हे वाचून हसेल. वानरांची टोळी एका सकाळी नारळाची शहाळी आणि केळीचे घड उद्ध्वस्त करून जाते, तेव्हा हक्कांची चर्चा सुचत नाही. ज्याचा संसारच बागेवर आहे त्याचे दुःख मी हलके लेखत नाही. इस्लामनेही ते हलके लेखलेले नाही. उपद्रवी उंदीर, विंचू, पिसाळलेला कुत्रा यांना मारण्याची मुभा हरमच्या हद्दीतही आहे. हानी सोसत राहावे असे शरीअत सांगत नाही. मात्र हानी दूर करताना त्याहून मोठी हानी करू नये, अशी अट ती घालते.

ही अट कोठे लागू होते ते पाहा. एका प्रवासात काही सहाबांनी लाल रंगाच्या लहान पक्ष्याची दोन पिले उचलली. मादी पंख फडफडवीत भोवती घिरट्या घालू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिला पिलांचे दुःख कोणी दिले असे विचारले आणि पिले परत करावयास लावली. त्याच प्रवासात मुंग्यांचे घर जाळलेले दिसले, तेव्हा आगीने शिक्षा देण्याचा अधिकार आगीच्या स्वामीखेरीज कोणाला नाही, असे त्यांनी बजावले. अबू दाऊदच्या संग्रहात हे दोन्ही प्रसंग एकत्र आले आहेत. आजही मोहोळ उठविण्यासाठी पेटता पलिता लावून शेकडो माश्या जाळणारे लोक आपण पाहतो. ज्या चार जीवांना मारण्याची मनाई हदीसमध्ये आली आहे, त्यांत मुंगी आणि मधमाशी दोन्ही आहेत.

पालीविषयी मला नेहमी विचारले जाते. पाल मारण्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे, हे खरे. पण तिच्यातच पहिल्या फटक्यात मारणाऱ्याला अधिक पुण्य सांगितले आहे, हे लोक विसरतात. जेथे मारण्याची मुभा आहे तेथेही तडफडवण्याची नाही. उंदरासाठी चिकट पुठ्ठा लावणाऱ्यांनी यावर विचार करावा. त्या पुठ्ठ्यावर जीव रात्रभर ओढाताण करीत राहतो. दांड्याच्या सापळ्यात तो क्षणात संपतो.

सापाच्या बाबतीत प्रेषित (स.) यांनी मदीनेच्या घरांत दिसणाऱ्या सापांना लगेच न मारता तीन दिवस ताकीद देण्यास सांगितले होते. हा आदेश मदीनेपुरता की सर्वत्र, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यामागची सबुरी मात्र घेण्यासारखी आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्यापासून मुलाबाळांचे रक्षण केलेच पाहिजे, आणि त्यासाठी सर्पमित्राला किंवा वनविभागाला बोलावण्याची सोय आज आहे. पण आपल्या परसात काठ्यांखाली मरणारा साप पुष्कळदा बिनविषारी धामण असतो, आणि तीच आपल्या घरचे उंदीर खात असते.

घुबडाचेही तसेच. घुबड बसले की घरात मृत्यू होतो, या समजुतीने मुसलमान कुटुंबेही त्याला दगड मारून हाकलतात. अरबांतही घुबडाविषयी अशीच समजूत होती. प्रेषित (स.) यांनी तिचे नाव घेऊन ती निराधार ठरविली. अपशकुनासाठी अरबीत ‘तियरह’ हा शब्द आहे आणि तो ‘तैर’ म्हणजे पक्षी या शब्दापासून आला आहे. पक्ष्यात आपले नशीब वाचणे ही अज्ञानकाळातील गोष्ट आहे. घुबड आपल्या झाडावर येते ते उंदरांसाठी.

ओळखीपासून सुरुवात

शेजाऱ्याचा हक्क द्यावयाचा तर आधी शेजारी कोण, हे ठाऊक हवे. डॉ. सालिम अली यांचे उदाहरण येथे आठवते. १८९६ साली मुंबईच्या एका मुस्लिम कुटुंबात जन्मलेला हा अनाथ मुलगा मामा अमीरुद्दीन तैयबजी यांच्या घरी वाढला. त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला म्हणून मामांनी त्याला चौकशीसाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथे मिलार्ड नावाच्या सचिवांनी त्या चिमणीची ओळख सांगितली आणि पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला. मारलेल्या एका पक्ष्याचे नाव विचारण्यातून पक्ष्यांसाठी वाहिलेले आयुष्य उभे राहिले. आपल्या मुलांनाही परसातील दहा पक्ष्यांची नावे शिकवा. ज्याचे नाव माहीत असते, त्याला दगड मारताना हात थोडा अडखळतो.

पिंजऱ्यातील मिठ्ठूविषयीही बोलले पाहिजे. लहानग्या अबू उमैर (र.) यांच्याकडे एक छोटा पक्षी होता आणि तो मेल्यावर प्रेषित (स.) यांनी त्या मुलाची मायेने विचारपूस केली, यावरून विद्वानांनी पक्षी पाळण्याची मुभा काढली. मात्र त्याला अन्न, पाणी आणि सुख मिळाले पाहिजे, अशी अट घातली. आपल्या देशात मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने येथील रानपोपट पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. त्यामुळे घरट्यातून उचललेले पिलू विकत घेणे आपल्याला शोभणारे नाही.

आमच्या घरी त्या ईदनंतर काय झाले, तेही सांगतो. शेजारच्या एका वृद्ध आजींना जाळीची गोष्ट कळली, तेव्हा त्या म्हणाल्या, “चिकू झाडावर पिकू कशाला देता? जून झाला की उतरवायचा आणि पेंढ्यात ठेवायचा.” खरेच, चिकू झाडावरून उतरवूनच पिकवतात. म्हणजे ती जाळी मुळात हवीच नव्हती. आता आम्ही जून झालेली फळे उतरवतो आणि शेंड्याकडची तशीच राहू देतो. पेरूला एकेका फळाला कागदी पिशवी बांधतो. ज्यांना जाळी लावावीच लागते, त्यांनी ती ताणून बांधावी, टोके लोंबू देऊ नयेत, सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे पाहावे आणि फळे संपताच ती काढून ठेवावी. झाड छाटण्यापूर्वी त्यात घरटे नाही ना, हे पाहावे. उन्हाळ्यात सावलीत मातीच्या उथळ भांड्यात पाणी ठेवावे, त्यात लहान जीवांना उभे राहता यावे म्हणून एखादा दगड असावा आणि डासांची पैदास होऊ नये म्हणून ते पाणी रोज बदलावे. वानरांना हाताने खाऊ घालू नये, कारण त्या सवयीचा त्रास शेवटी शेजाऱ्याच्या बागेला होतो.

आमच्याकडे ते पाणी बदलण्याचे काम मुलीने स्वतःकडे घेतले आहे. एकदा तिने विचारले की, तो बुलबुल कयामतच्या दिवशी माझी तक्रार करील काय? विनाकारण मारलेली चिमणी त्या दिवशी अल्लाहपाशी फिर्याद करील, असा आशयाची हदीस नसाईच्या संग्रहात आहे. सहीह मुस्लिममध्ये तर बिनशिंगाच्या बकरीलाही शिंगवालीकडून तिचा हक्क मिळवून दिला जाईल, असे आले आहे. ज्या न्यायालयात बकरीचा दावा ऐकला जातो, तेथे बुलबुलाचा ऐकला जाणार नाही, असे मी मुलीला कसे सांगू? मी तिला एवढेच सांगितले की, मी तौबा करतो आणि तू माझ्यासाठी दुआ कर.

वाचकहो, आज असरनंतर आपल्या परसात एक फेरी मारा. एखादी जुनी जाळी, लोंबता धागा, विसरलेला सापळा, उघडी टाकी दिसली तर ती आजच हलवा. अल्लाह आपल्या गफलती माफ करो आणि ज्यांना मागता येत नाही त्यांचे हक्क ओळखण्याची आपल्याला सद्बुद्धी देवो. आमीन.